पोवळ्याचें दुखणें

पोवळें म्हटलें कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें तांबडा खडा उभा राहातो; मंगळासाठीं अंगठींत बसविलेला, नाहीं तर आजीच्या माळेंत सोन्याच्या मण्यांशेजारीं ओंवलेला. हा खडा एके काळीं जिवंत प्राण्यांनीं आपल्या अंगाखालीं रचलेला सांगाडा होता, हें शाळेंत शिकूनही आपण विसरतों. आम्हीही विसरलों होतों. गेल्या वर्षीं आम्ही उभयतां शिकागोजवळच्या एका उपनगरांत थोरल्या चिरंजीवांकडे सहा महिने राहावयास गेलों आणि तेथें दिवाणखान्यांतल्या कांचेच्या टांकींत पोवळें आजारी पडलेलें पाहिलें, तेव्हां ती विसरलेली गोष्ट चांगलीच आठवली. परदेशीं राहाणाऱ्या दोघां वाचकांकडून नुकतीच याच विषयावर विचारणाही आली आहे. तेव्हां या महिन्याचें पान आम्हीं त्या टांकीला दिलें आहे.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. आपल्या देशांत असली टांकी घरीं थाटण्याचा विचार कोणीं मनांत आणूं नये. खडक बांधणारीं सर्व पोवळीं, काळें पोवळें, समुद्रपंखे हीं २००१ सालापासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखालीं आलीं आहेत. तीं समुद्रांतून काढणें किंवा विकणें हा गुन्हा आहे. ज्यांना पाहावयाचीं असतील त्यांनीं तीं मालवणास जाऊन पाण्यांतच पाहावीं. अमेरिका, जर्मनी, इंग्लंड या देशांत मात्र हा छंद चांगला रुजला आहे. तेथें पोवळ्याची फांदी तोडून ती दगडावर चिकटवितात आणि तिचें नवें झुडूप होतें. गुलाबाचें कलम शेजारीं द्यावें तसें हें कलम एका घरांतून दुसऱ्या घरीं जातें. चिरंजीवांच्या टांकींतलीं बहुतेक पोवळीं अशींच आलेलीं होतीं.

पोवळ्याची रचना थोडक्यांत सांगावयाची तर, फांदीसारखें दिसणारें हें प्रकरण म्हणजे शेंकडों सूक्ष्म प्राण्यांची एकत्र नांदणारी वसाहत आहे. प्रत्येक प्राण्याला, म्हणजे पॉलिपला, एक तोंड आणि त्याभोंवतीं इवल्याशा भुजा असतात. सगळे पॉलिप एकाच पातळ मांसल आवरणानें जोडलेले, आणि त्या आवरणाखालीं चुन्याचा सांगाडा. आवरणाच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहातें. तें प्रकाशावर अन्न तयार करितें आणि त्यांतलें बरेंचसें यजमानाला देतें. (अंगठींतलें तांबडें पोवळें भूमध्य समुद्रांत अंधाऱ्या कपारींत वाढतें, त्याच्या घरीं हा शेवाळाचा बिऱ्हाडकरू नाहीं.) हें सांगण्याचें कारण असें कीं, पोवळें ‘पांढरें पडलें’ या एका वाक्यांत दोन अगदीं निराळ्या गोष्टी लपलेल्या असतात. शेवाळ निघून गेलें पण मांस शाबूत आहे, तर पोवळें पांढरें दिसतें, तरी तें जिवंत असतें. समुद्र फार तापला म्हणजे प्रवाळांच्या भिंतींवर जें घडतें तें हेंच. मांसच गळून गेलें, तर दिसतो तो उघडा सांगाडा. तेवढा भाग मेला. भिंगांतून पाहिलें असतां पहिल्या प्रकारांत पारदर्शक पापुद्रा आणि हलणाऱ्या भुजा दिसतात. दुसऱ्यांत नुसतीं रिकामीं घरटीं, आणि थोड्याच दिवसांत त्यांवर हिरवट-तपकिरी शेवाळाची पुटें चढतात. पहिल्या रोग्याला धीर धरून वाढवितां येतें. दुसऱ्याच्या बाबतींत उरलेलें तरी कसें वांचवावयाचें, हा प्रश्न असतो.

चिरंजीवांची टांकी सुमारे ३०० लिटर पाण्याची. तेथें समुद्र कोठला? शुद्ध केलेल्या पाण्यांत क्षार मिसळून हजारीं ३५ भाग खारेपणा आणावयाचा, उष्णता २५-२६ अंशांवर ठेवावयाची, आणि पोवळीं सांगाड्यासाठीं जो चुना पाण्यांतून ओढून घेतात त्याची भरपाई रोज थेंबाथेंबानें करावयाची, असा सारा खटाटोप. त्या टांकींत हरणाच्या शिंगांसारखीं वाढणारीं ॲक्रोपोरा जातीचीं सहा झुडपें होतीं. त्यांतलें एक हिरवें झुडूप आमच्या बारा वर्षांच्या नातीचें. तीन वर्षांपूर्वीं बोटाच्या पेराएवढें कलम तिला वाढदिवसाला मिळालें होतें. आतां तें ओंजळीएवढें झालें होतें. ‘तुरा’ असें तिनें त्याचें नांव ठेविलें होतें, आणि शाळेंतून आल्यावर दप्तर टाकण्याच्या आधीं ती टांकीपाशीं जात असे.

जून महिन्यांत पोवळ्यांचा रंग उतरूं लागला. प्रथम चकाकी गेली. मग अंगावर फिकट ठिपके दिसले. मग बुंध्यापाशीं बोटभर पांढरा पट्टा आला आणि तो सावकाश वर सरकूं लागला. चिरंजीव पेशानें इंजिनियर. त्यांनीं लागलीच पाण्याची परीक्षा केली. पाण्याची अल्कता समुद्रांत सुमारे ७ जर्मन अंश असते. चिरंजीव ती ८ वर ठेवीत. आतां ती साडेनऊ भरली. रोगाचें कारण सांपडलें, असें त्यांना वाटलें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही वाटलें. आंकडा हाताशीं असला म्हणजे डोळ्यांची गरज राहात नाहीं, असा सुशिक्षितांचा एक समज असतो. चिरंजीवांनीं रोजची भरपाई एकदम बंद केली आणि एका संध्याकाळीं टांकींतलें निम्मे पाणी बदललें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं टांकींतलें सर्वांत जुनें, जांभळें झुडूप सोलूं लागलें होतें. उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तशा मांसाच्या चिंध्या फांद्यांवरून सुटून प्रवाहाबरोबर तरंगत होत्या. दुपारपर्यंत अर्धें, आणि दिवे मालवण्याच्या वेळेपर्यंत सगळें झुडूप खडूसारखें पांढरें. पांच वर्षें वाढविलेलें पोवळें एका दिवसांत गेलें. नात त्या रात्रीं जेवली नाहीं. तिचा प्रश्न एवढाच होता, ‘आजोबा, आतां तुऱ्याची पाळी का?’

आमच्या सौभाग्यवतींना मत्स्यालयाचें शास्त्र येत नाहीं आणि तसा त्यांचा दावाही नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं त्या चिरंजीवांना म्हणाल्या, ‘अरे, जास्वंदीला मावा पडला म्हणजे आपण आधीं पान उलटून पाहातों. हें तूं उलटून पाहिलेंस का?’ चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. मात्र त्याच रात्रीं, टांकीचे दिवे गेल्यावर दोन तासांनीं, त्यांनीं तुरा दगडासकट हलक्या हातानें उचलला आणि टांकींतल्याच पाण्यानें भरलेल्या पांढऱ्या वाडग्यांत ठेविला. सूनबाईंनीं स्वयंपाकघरांतली रबरी फुग्याची पिचकारी आणून दिली. फांद्यांच्या बेचक्यांत पाण्याचे दोन-तीन जोरदार फवारे मारले, तेव्हां मांसाचा एक फिकट कपटा सुटून वाडग्याच्या तळाशीं गेला. आम्हांस तो मेलेल्या कातडीचाच तुकडा वाटला. मग तो कपटा आपले कांठ मुरडीत चालूं लागला.

वाडग्यांत एकंदर अकरा निघाले. नात भिंग घेऊन ते मोजीत होती.

हा चपटा किडा ॲक्रोपोराच खातो, दुसरें कांहीं खात नाहीं. त्याची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. शौकीन लोक त्याच्या उपद्रवानें बरींच वर्षें हैराण होते, परंतु शास्त्रज्ञांनीं त्याचें रीतसर वर्णन केलें तें २०११ मध्यें, आणि तेंही टांकींतल्या नमुन्यांवरून. समुद्रांत तो प्रथम सांपडला तो ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, लिझर्ड बेटापाशीं. ती नोंद २०१२ ची. आज त्याला प्रोस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी म्हणतात. तो पोवळ्याचें मांस खातो आणि त्यांतलें शेवाळ आपल्या पोटांत तसेंच मिरवितो. त्यामुळें ज्या फांदीवर बसला तिच्याच रंगाचा दिसतो. टांकीसमोर दोन महिने बसूनही तो आम्हांस दिसला नाहीं, याचें कारण हेंच. दिसतात त्या त्याच्या खुणा. जून महिन्यांत आम्हीं जे फिकट ठिपके पाहिले होते ते रंग उतरल्याचे नव्हतेच; जेवढ्यास तेवढे, गोल, एकमेकांपासून सुटे असे ते त्याचे चावे होते. बुंध्याच्या सावलींतल्या बाजूस, जिवंत मांस जेथें संपतें त्याच्या जरा खालीं, उघड्या सांगाड्यावर तपकिरी अंड्यांचे पुंजके होते. एकेक दाणा खसखशीहून मोठा नसेल.

आतां त्या साडेनऊ अंशांचा अर्थ लागला. पोवळें निरोगी असतें तेव्हां तें पाण्यांतला चुना रोज ओढतें. त्याबरोबर अल्कता उतरते आणि ती आपण भरून काढतों. किड्यांनीं पोवळीं पोखरलीं, त्यांची वाढ थांबली, चुना उचलणारें कोणी राहिलें नाहीं, आणि भरपाई मात्र रोजच्यासारखी चालूच राहिली. म्हणून अल्कता चढली. चिरंजीवांनीं जिला कारण मानलें ती परिणाम होती. तापलेल्या माणसाचा ताप पाऱ्यानें आला असें म्हणण्यासारखें हें झालें. एका रात्रींत पाणी पालटल्याचा धक्का आधींच खंगलेल्या जांभळ्या झुडपाला सोसला नाहीं, असें आम्ही समजतों. ही चूक घरांतल्या कोणा एकाची नव्हती. आम्हीही शेजारीं बसून मान डोलावली होती.

यापुढचें काम कष्टाचें होतें, आणि त्यांतली मेख अंड्यांत आहे. पोवळीं धुण्याचें औषध तेथें तयार मिळतें. वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणांत तें टांकीच्याच पाण्यांत घालून त्यांत पोवळें कांहीं मिनिटें बुडविलें आणि पिचकारी मारली कीं किडे सुटून पडतात. अंड्यांना त्यानें कांहीं होत नाहीं. तीं पाण्याच्या उष्णतेप्रमाणें सुमारें दीड ते तीन आठवड्यांत फुटतात. एकदां धुवून किडे पडलेले पाहिले आणि समाधान मानलें, तर महिन्यानें सगळें पुन्हां पहिल्यापासून. म्हणून चिरंजीवांनीं उरलेलीं पांचही ॲक्रोपोरा टांकीबाहेर काढून एका लहान टांकींत ठेविलीं. खालचा मेलेला बुंधा, अंड्यांसकट, करवतीनें कापून टाकला. वरच्या जिवंत फांद्या नव्या दगडी चकत्यांवर चिकटविल्या. मग दर सहाव्या-सातव्या दिवशीं औषधाचें स्नान, पिचकारी, भिंग आणि वहींत नोंद, असें सहा आठवडे. मोठ्या टांकींत राहिलेल्या किड्यांना खावयास ॲक्रोपोराच न उरल्यामुळें ते तेथें उपाशीं मरतात. अंगावर लांबीच्या दिशेनें सहा रेघा असलेला एक छोटा रॅस जातीचा मासा हे किडे वेंचून खातो. तो नंतर आणला, पण त्याच्यावर सगळा भार टाकूं नये. अंडीं तो संपवीत नाहीं.

नातीच्या वहींतले आंकडे आम्हांस पाठ झाले आहेत. पहिल्या रात्रीं ११, पहिल्या स्नानाला पांचही झुडपांचे मिळून ३४, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला पुन्हां १७. हा आंकडा पाहून ती रडकुंडीस आली. तीं नजरेंतून सुटलेल्या अंड्यांतून आलेलीं बारीक पिलें होतीं. चौथ्याला २, पुढच्या दोन्हीं वेळां शून्य. दोन झुडपें मात्र या धकाधकींत गेलीं.

विचारणा करणाऱ्या वाचकांच्या टांकींत हाच किडा असेल असें नाहीं, म्हणून इतर खुणाही सांगितल्या पाहिजेत. ॲक्रोपोराचें मांस शाबूत असून पॉलिप दिवसचे दिवस बाहेर येत नसतील आणि रंग मळकट झाला असेल, तर भिंगाखालीं पिवळसर, तांबड्या ठिपक्याचे, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान जीव फिरतांना दिसतील. कुत्र्यांच्या हृदयांतल्या जंतांसाठीं असलेली मिल्बेमायसिनची गोळी त्यांवर चालते. परंतु ती टांकींतल्या कोळंब्या आणि खेंकडेही मारते. पानांसारख्या पसरणाऱ्या माँटिपोराच्या कडा खालून कुरतडल्यासारख्या पांढऱ्या होत असतील, तर पान उलटून पाहावें. तेथें भाताच्या कणीएवढ्या पांढऱ्या, अंगभर झालरी असलेल्या बिनशिंपल्याच्या गोगलगाई असतात. त्यांचींही अंडीं स्नानाला दाद देत नाहींत. शेंडे तेवढे जळल्यासारखे झाले आणि बुंधा ठीक आहे, तर किडा शोधीत बसूं नये. तेथें पाणी किंवा दिवा तपासावा. एकाच बाजूला, शेजारच्या पोवळ्याच्या दिशेला, चट्टा पडला असेल तर तो शेजाऱ्याचा डंख. कांहीं पोवळीं रात्रीं लांब भुजा सोडून शेजाऱ्यांना भाजून काढतात. बिऱ्हाडें जरा दूर करावीं, भांडण मिटतें. मोठ्या मांसल पॉलिपांच्या यूफिलिया जातीवर तपकिरी, दुर्गंधी चिकट लाळ दिसली तर मात्र वेळ लावूं नये; तो संसर्ग शेजारी पसरतो. ती फांदी तत्काळ वेगळी काढावी, लाळ टांकींत न सांडतां बाहेर शोषून घ्यावी.

आणि जांभळ्या झुडपासारखें मांस तासांच्या हिशेबानें सोलत असेल, तर औषधांच्या बाटल्या धुंडाळूं नयेत. पांढऱ्या सीमेच्या चांगलें वर, जेथें मांस घट्ट बसलेलें आहे तेथें फांदी तोडून ती निराळी लावावी. कधीं वांचते, कधीं नाहीं. न तोडल्यास बहुधा जातेच. चिरंजीवांस हें तेव्हां ठाऊक असतें तर जांभळ्याचें एखादें कलम तरी राहिलें असतें. समुद्रांतही पहिली ओळख अशीच, सीमा आणि वेग पाहून करावी लागते. २०१४ मध्यें मायामीजवळ पोवळ्यांचें मांस गळण्याची जी सांथ सुरू झाली तिनें वीसांहून अधिक जाती धरल्या आणि ती पुढें कॅरिबियन समुद्रांत पसरली; पाणबुडे रोगाच्या सीमेवर अमॉक्सिसिलिनचा लेप हातानें भरतात, आणि कांहीं जातींत त्यानें ती सीमा थांबते.

निरपराध्यांची बाजूही मांडली पाहिजे. मेलेल्या पोवळ्यावर रात्रीं केंसाळ किडे जमलेले दिसले कीं शौकीन त्यांनाच धरतात. ते बहुधा मेलेलें खावयास आलेले असतात. प्रेताजवळ सांपडला तो खुनी, असा न्याय येथें लागूं नये. फांद्यांत राहाणारा ट्रॅपेझिया जातीचा लहान खेंकडा तर यजमान पोवळ्याचा पहारेकरी आहे. प्रत्यक्ष समुद्रांत पोवळीं खाणाऱ्या कांटेरी तारामाशाच्या पायांना तो चिमटे काढून त्याला हुसकून लावतो. त्याला काढून टाकणाऱ्यानें आपलाच रखवालदार हांकलला.

एक गोष्ट मात्र मुलांच्या घरीं सर्वांच्या आधीं सांगावयास हवी होती. गालिच्यासारखीं पसरणारीं, बटणांएवढ्या रंगीत फुलांचीं झोआंथिड बहुतेक टांक्यांत असतात. त्यांच्या कांहीं जातींत पॅलिटॉक्सिन नांवाचें अतिशय तीव्र विष असतें. १९७१ मध्यें हवाई बेटांतील शास्त्रज्ञांनीं तें प्रथम वेगळें काढलें. कीड मारावयाची म्हणून झोआंथिड बसलेला दगड कढत पाण्यानें धुणें किंवा उकळणें अत्यंत घातक आहे. विष वाफेबरोबर घरभर होतें आणि खोकला, धाप, ताप यांनीं सारें घर आजारी पडतें. अलास्कांत २०१२ ते २०१४ या काळांत असले प्रकार आरोग्यखात्यानें नोंदले आहेत. हे प्राणी हाताळतांना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा, आणि तें काम मुलांकडे देऊं नये. आमच्या नातीला फक्त ॲक्रोपोराला हात लावण्याची मोकळीक होती.

आम्ही ऑक्टोबरांत परतलों तेव्हां तुऱ्याच्या तीन फांद्या लहान टांकींतच होत्या. त्यानंतर चिरंजीवांनीं घरांत नियम केला आहे कीं, नवें कोणतेंही कलम मोठ्या टांकींत सोडण्यापूर्वीं सहा आठवडे निराळें ठेवावयाचें, मग तें कितीही जिवलग मित्राकडून आलेलें असो. गेल्या आठवड्यांत नातीचा संदेश आला. छायाचित्रांत तीनही फांद्या मोठ्या टांकींत आहेत आणि त्यांचें हिरवें मांस चकतीच्या कांठावरून खालीं उतरूं लागलें आहे. पण तिनें छायाचित्राच्या वर लिहिलें होतें तें निराळेंच, ‘आजीला सांगा, अल्कता या आठवड्यांत अर्ध्या अंशानें उतरली. बाबांनीं आज भरपाई वाढविली.’ आम्हीं तें सौभाग्यवतींना वाचून दाखविलें. त्या तेव्हां परसांत जास्वंदीचें पान उलटून पाहात होत्या.